थंडी नव्हे, होडीत राहिलेलं पाणी

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे कॅनडातला थँक्सगिव्हिंग. टोरंटोच्या उत्तरेला, मस्कोकाच्या तळ्यांकाठी ज्यांची कॉटेजं आहेत, त्यांतल्या पुष्कळांची आवराआवर याच सुट्टीत चालते. होड्या पाण्याबाहेर निघतात आणि शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. बहुतेक सल्ले थंडीच्या धास्तीचे. पण नुसती थंडी होडीचं फारसं वाकडं करत नाही. वाट लावतं ते आत राहिलेलं पाणी. बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं आणि त्या रेट्यापुढे इंजिनाचं बीडही तडकतं.

सगळ्यात महागात पडतो तो गुलाबी अँटिफ्रीझबद्दलचा गैरसमज. डब्यावर ‘उणे 50’ लिहिलेलं असतं, म्हणून तेवढ्या थंडीपर्यंत ते पातळ राहणार, असं लोक धरून चालतात. तो आकडा सहसा नळ न फुटण्याचा असतो. अँटिफ्रीझ स्वतः त्याच्या कितीतरी आधी, उणे 10-12 अंशांच्या आसपासच रबरबीत व्हायला लागतं. तेही निर्भेळ असेल तर. इंजिनात जुनं पाणी असलं की ते त्यात मिसळतं आणि मग डब्यावरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून इनबोर्ड इंजिनाचे ड्रेन प्लग आधी काढायचे, अँटिफ्रीझ नंतर. प्लग काढूनही पाणी आलं नाही, तर ‘रिकामं आहे’ म्हणून मोकळं होऊ नका. भोकाशी गंज किंवा वाळू अडकलेली असू शकते. बारीक तार घालून ढवळा. पाणी असेल तर धार लागेल.

आउटबोर्डचं काम सोपं. ते उभं ठेवलं की पाणी निथळतं. मात्र गिअरचं तेल ‘उन्हाळ्यात बदलू’ म्हणून ठेवू नये. ते दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी शिरलंय, आणि हिवाळ्यात तेच गोठून गिअरचं कवच फोडतं.

काँक्रीटच्या फरशीवर बॅटरी उतरते, हे आजही शपथेवर सांगणारे भेटतात. बॅटरीची खोकी लाकडी किंवा रबरी होती, तेव्हा त्यात तथ्य होतं. आताच्या प्लास्टिकच्या खोक्याला फरशीशी देणंघेणं नाही. भीती बाळगायची ती अर्धवट चार्जची. पूर्ण चार्ज केलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे 50 अंशांतही गोठत नाही, पूर्ण उतरलेली मात्र उणे 10 च्या आसपासच गोठते.

पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर नुसता ओतून भागत नाही; तो आतपर्यंत पोचावा म्हणून इंजिन दहाएक मिनिटं चालवावं लागतं, आणि तेही पाणी काढण्याआधी.

होडी प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळण्याचाही सोस असतो. ओल आत कोंडते आणि मे महिन्यात गाद्यांवर बुरशी निघते. हवेला झडपा ठेवा, मधोमध आडवी दांडी देऊन आच्छादन उतरतं करा, म्हणजे हिम साचणार नाही. नाळ जराशी उंच आणि मागचा तळाचा प्लग काढलेला. कनू असेल तर जमिनीपासून उंच, उपडी.

‘घरी तर न्यायची, धुवायची कशाला?’ हा शेवटचा गैरसमज. झेब्रा शिंपल्यांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या उरलेल्या पाण्यातूनच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. ऑन्टारियोत 1 जानेवारी 2022 पासून होडी रस्त्याने नेण्याआधी ड्रेन प्लग काढणं, पाणी निथळवणं आणि चिकटलेल्या वनस्पती-शिंपले काढणं कायद्याने बंधनकारक आहे.