टेराहर्ट्झचा नळ

फोनचा सिग्नल आणि टीव्ही रिमोटचा इन्फ्रारेड, या दोघांच्या मधे एक पट्टा आहे. टेराहर्ट्झ! या लहरी कपड्यातून, कागदातून, प्लास्टिकमधून आरपार जातात आणि एक्स-रेसारखे अणूतले इलेक्ट्रॉन उडवत नाहीत. मग त्या सगळीकडे का दिसत नाहीत? कारण त्यांना वठणीवर आणणं महाकठीण. नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी त्या फार वेगवान, लेझरवाल्यांसाठी फारच अशक्त. फिजिक्सवाले याला चक्क 'टेराहर्ट्झ गॅप' म्हणतात.

इथे एन्ट्री होते ग्राफीनची. २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा थर मिळवला. (हो, पेन्सिलीतलंच ग्रॅफाइट. २०१० चं नोबेल याच कामाला!) या थराला व्होल्टेज दिलं की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन कमी-जास्त होतात. ते वाढले की टेराहर्ट्झ लहरी अडतात, कमी झाले की निसटतात. नळच झाला की!

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठाच्या गटाने असा नळ करून दाखवला. लहरीची तीव्रता बदलली साधारण १५ टक्के. हसू नका. १ टेराहर्ट्झच्या लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर, तिला अडवणारा पडदा त्याहून जवळपास नऊ लाख पट पातळ! पुढे मागे आरसा लावून, धातूची नक्षी जोडून हा आकडा बराच वाढवलाही गेला.

खरी डोकेदुखी वेगळीच. हवेतली वाफ या लहरी गटागट पिते, आणि तिथे ग्राफीनचं काही चालत नाही. पावसाळ्यातल्या मुंबईत तर विचारूच नका.