खाडीत कुर्ल्या पाळायला सरकार ९० टक्के पैसे का देतं?

खाडी म्हटलं की मुंबईकराला आधी वास आठवतो. लोकलच्या दारात उभं असताना नाकाला रुमाल लावायची जागा, एवढीच तिची ओळख. तेच मालवण-वेंगुर्ल्याकडे विचारून बघा. कुर्ल्या, कालवं, तिसऱ्या अशी यादी सुरू होईल आणि बोलता बोलता जेवायची वेळ होईल. या दोन्ही खाड्या राखायला सरकार पैसे खर्च करतं. त्यातली एक योजना तर थेट खेकडे पाळायला अनुदान देते.

आता खेकड्यांचा आणि खाडी वाचवण्याचा काय संबंध?

त्यासाठी आधी खाडी समजून घ्यावी लागेल. नदी समुद्राला मिळते तिथे गोडं पाणी आणि भरतीचं खारं पाणी एकमेकांत मिसळतं. या मचूळ पाण्यात, चिखलात उगवतं ते कांदळवन. कुणी त्याला खारफुटी म्हणतं, कुणी तिवर. याच्या मुळांच्या जाळीत मोठे मासे शिरू शकत नाहीत, म्हणून कोळंबी आणि माशांची पिल्लं तिथे सुरक्षित वाढतात आणि मग समुद्रात जातात. त्यामुळे कांदळवन तुटलं की फटका मच्छीमारालाही बसतो. शिवाय लाटांचा जोर आणि किनाऱ्याची धूप ही झाडं कमी करतात, ते वेगळंच.

पण हे झाड अडचणीच्या जागी उगवतं. मुंबईत तिथे भराव टाकला की मोक्याचा भूखंड मिळतो आणि कोकणात तोडलं की चुलीला सरपण. म्हणून सुरुवात झाली ती कायद्याच्या धाकाने. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीला मनाई केली. २०१८ च्या अंतिम निकालात तर न्यायालयाने सांगितलं, की कांदळवनाचा नाश म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्कावर घाला. दरम्यान, २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला.

बंदी आली, कक्ष आला. पण ज्याच्या घरामागे कांदळवन आहे त्याला या सगळ्यात काय मिळालं? तोडायचं नाही, भराव टाकायचा नाही, वर राखायचंही त्यानेच. अशाने कोण राखणार?

याचं उत्तर म्हणून राज्य सरकारने २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्माण योजना आणली. हिशोब सरळ आहे. गावात समिती नेमायची, कांदळवन राखायचं आणि त्याच्याच आधाराने पैसे देणारा धंदा उभा करायचा. कांदळवनातले खेकडे, कालवं, पिंजऱ्यातले मासे, शोभेचे मासे, पर्यटन असे पर्याय त्यात आहेत. बचत गटाने किंवा गावातल्या गटाने प्रकल्प केला तर ९० टक्के खर्च सरकारचा आणि १० टक्के गटाचा. एकट्याने केला तर सरकारचा वाटा ७५ टक्के.

यातली खेकडापालनाची पद्धत बघण्यासारखी आहे. कांदळवनाच्या चिखलातच जाळ्याचं कुंपण घालायचं आणि आत खेकड्याची पिल्लं सोडायची. भरती-ओहोटीचं पाणी आपोआप ये-जा करतं, त्यामुळे पंप नको की तलाव खणणं नको. मुख्य म्हणजे झाड तोडावं लागत नाही, उलट झाड असेल तरच सावली आणि खाद्य मिळतं. खाद्याला जोड म्हणून स्वस्तातली मासळी टाकतात. पिल्लं मात्र तमिळनाडूतल्या राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राच्या उबवणी केंद्रातून आणावी लागतात. म्हणजे धंद्याची पहिली कडीच परराज्यात.

आणि हा धंदा वाटतो तितका सोपा नाही. खेकडा वाढताना कवच टाकतो. नवं कवच टणक होईपर्यंत तो मऊ असतो आणि नेमका तेव्हाच शेजारचा खेकडा त्याला खातो! त्यामुळे सोडलेल्या पिल्लांपैकी विकायला येतात ती बरीच कमी. अनुदानाने कुंपण उभं राहतं, पण रोजची राखण आणि बाजारभाव गटालाच सांभाळावा लागतो.

पर्यटनाचं गणित त्यामानाने बरं जमलेलं दिसतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत २०१७ पासून ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सिंधुदुर्गात राबवलेल्या प्रकल्पातून याची सुरुवात झाली. इथे झाड उभं असेल तरच पर्यटक येणार, त्यामुळे राखणीसाठी वेगळं सांगावं लागत नाही.

केंद्रानेही पुढे हीच वाट धरली. २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘मिष्टी’ योजना जाहीर झाली. ९ राज्यं आणि ४ केंद्रशासित प्रदेशांत मिळून ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन लावायचं किंवा सुधारायचं, हे तिचं लक्ष्य. त्यासाठी रोजगार हमी आणि कॅम्पाचा निधी एकत्र करायचा. कॅम्पा म्हणजे जंगलाची जमीन वळवणाऱ्यांकडून घेतलेली भरपाई.

मग परिणाम दिसतोय का? भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात ३१५.०९ चौरस किलोमीटर कांदळवन आहे आणि आधीच्या अहवालाशी तुलना करता १२.३९ चौरस किलोमीटरची वाढ आहे. आकडा चांगलाच आहे. पण तोड पूर्ण थांबलेली नाही. सार्वजनिक प्रकल्पांना न्यायालयाची परवानगी घेऊन झाडं तोडता येतात. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २२ हजार झाडांना अशी परवानगी मिळाली. शिवाय उपग्रहाला झाडोरा दिसतो, त्याखालचं पाणी कसं आहे ते दिसत नाही.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात ठळक दिसतो ठाणे खाडीत. २०१५ मध्ये इथल्या सुमारे १,६९० हेक्टरला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीत गेली. कागदावर यापेक्षा वरचं संरक्षण क्वचितच मिळतं. तरी मुंबईचं सांडपाणी तिच्यात येतच राहिलं. गंमत म्हणजे या सांडपाण्यामुळे शेवाळ वाढतं आणि ते खायला फ्लेमिंगो येतात, असं अभ्यासक सांगतात. तेव्हा गुलाबी थवे बघून पाणी स्वच्छ असेल असं समजू नका. मासेमारी करणाऱ्या कोळ्याला या गुलाबी रंगाचा काही उपयोग नाही.

हे पाणी सुधारणं बचत गटाच्या हातात नाही आणि कांदळवन कक्षाच्याही नाही. ते काम महापालिकेचं. मुंबईत रोज एकूण २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करतील अशा सात केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. त्यातली भांडुपची २१५ दशलक्ष लिटरची आणि घाटकोपरची ३३७ दशलक्ष लिटरची, ही दोन केंद्रं ठाणे खाडीच्या वाट्याची आहेत.