मोटारीचे दोषसंकेत आणि त्यांचा अर्थ

मोटारीच्या दर्शनी फळ्यावर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की मालक धास्तावतो आणि कारागीर स्कॅनर शोधू लागतो. हा दिवा मुळात मालकाच्या सोयीसाठी बसविण्यात आलेला नाही. त्याचा जन्म हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नातून झाला. कॅलिफोर्निया राज्याच्या वायुसंसाधन मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून मोटारींत स्वयंपरीक्षणाची व्यवस्था असावी, असा दंडक घातला. तिची सुधारलेली आवृत्ती १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत सक्तीची झाली आणि संकेतांच्या भाषेत एकवाक्यता आली. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे निकष लागू झाले. त्यांनुसार बनलेल्या मोटारींतही ही व्यवस्था असते.

संकेतात एक अक्षर आणि चार अंक असतात. ‘पी’ हे अक्षर एंजिन व गिअरबॉक्स यांचे. त्यापुढील अंक शून्य असल्यास संकेताचा अर्थ सर्व कंपन्यांच्या गाड्यांत समान असतो. इतके समजले की संकेत वाचता येतो. परंतु त्यात बिघडलेल्या भागाचे नाव असते, हा समज फार खर्चात पाडणारा आहे.

‘पी ०१७१’ हाच संकेत घेऊ. त्याचा अर्थ मिश्रण विरळ आहे, एवढाच. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक्झॉस्ट नळीतील ऑक्सिजन सेन्सर ज्वलनानंतर उरलेल्या प्राणवायूचा अंदाज देतो व त्यानुसार संगणक पेट्रोल कमीअधिक करतो. पेट्रोल वाढवीत मर्यादा गाठली तरी प्राणवायू उरतोच, असे वारंवार आढळले म्हणजे दिवा लागतो. वार्ता सेन्सरने आणलेली असते, म्हणून पुष्कळदा पहिला बळी त्याचाच जातो. नवा सेन्सर बसतो, संकेत पुसला जातो, मालक पैसे मोजतो आणि काही दिवसांतच दिवा पुन्हा लागतो. जुन्या सेन्सरने बिचाऱ्याने आपले काम चोख बजावलेले असते!

हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे एखादी रबरी नळी चिरली, तर तेथून न मोजलेली हवा आत शिरते. पेट्रोलचा पंप थकला, फिल्टर तुंबला किंवा हवेच्या सेन्सरवर धूळ बसली, तरी संकेत हाच. यांतून निवड करण्यास स्कॅनरवरील ‘फ्युएल ट्रिम’ हा आकडा उपयोगी पडतो. संगणक ठरलेल्या मापाहून किती टक्के अधिक वा उणे पेट्रोल सोडीत आहे, हे तो दाखवितो. समजा, गाडी उभी व एंजिन मंद चालत असता तो अधिक २५ आहे आणि मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर नेताच ५ वर उतरतो. अशा वेळी संशय चिरलेल्या नळीचा घ्यावा. मंद गतीत एंजिन एकूण हवा थोडीच घेते, त्यामुळे या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. उलट, वेग व भार वाढताना आकडा चढत गेला, तर पेट्रोलचा दाब मोजून पाहावा आणि हवेचा सेन्सरही तपासावा. चीर शोधण्यास धूर सोडणारे यंत्र उत्तम. तापल्या एंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारून पाहण्याची काहींची सवय धोक्याची आहे.

संकेत पुसण्यापूर्वी त्यासोबतची नोंद अवश्य उतरवून घ्यावी. दोष आढळला त्या क्षणीचा वेग, भार व एंजिनाचे तापमान तीत असते आणि संकेताबरोबर तीही पुसली जाते.

स्थिर दिव्याची गाडी सहसा जपून कार्यशाळेपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र वेग तत्काळ कमी करून गाडी कडेला घ्यावी. सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसल्याची ती खूण आहे. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व आतील मधाच्या पोळ्यासारखी रचना वितळू शकते. तीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असल्याने, वेळीच बदललेल्या स्पार्क प्लगच्या मानाने हे नुकसान कित्येक पट महाग पडते.