प्रसादाची वाटणी आणि बालकाचे गणित

श्रीगजानन हा विद्येचा अधिपती. अक्षरलेखनाचा आरंभ ज्याच्या नावाने होतो, त्या दैवताच्या आगमनाने भाद्रपदात घरोघरी मंगल वातावरण पसरते. उकडीच्या मोदकांचा दरवळ सुटतो, आरती होते आणि प्रसादासाठी चिमुकले हात पुढे येतात. त्याच क्षणी एक प्रश्नही उमटतो : 'ताईला किती? मला किती?' वडीलधारी मंडळी हा हावरेपणा समजून मुलाला दटावतात. आम्हांस मात्र त्या प्रश्नात गणिताची पहिली पहाट दिसते.

समान भागाची कल्पना बालकाला शाळेत, अपूर्णांकाच्या धड्यात प्रथम भेटते, असा आपला समज असतो. वस्तुतः ती त्याला घरी, वाटणीच्या वेळी भेटलेली असते. तेथे ती नीट रुजली तर पुढे अंश-छेदांचे भय बरेच कमी होते. उत्सवाचे हे दिवस त्यासाठी फार अनुकूल आहेत.

एकवीस मोदक

गणरायाला एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. त्यांतील एक देवापुढे ठेवावा, वीस उरतात. ते वाटण्याचे काम पाच-सहा वर्षांच्या मुलावर सोपवावे. घरात चार माणसे असतील तर चार ताटल्या मांडाव्यात आणि त्याने प्रत्येकीत एकेक मोदक ठेवीत फेऱ्या घालाव्यात. पाच फेऱ्यांत तबक रिकामे होते. पाहुणा आला, पाच माणसे झाली, की प्रत्येकाच्या वाट्याला चारच येतात. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे त्याला डोळ्यांनी दिसते. चार हा आकडा तीनाहून मोठा, म्हणून चौथा हिस्सा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा, अशी चूक शाळेत पुष्कळ मुले करतात. पाहुण्यासाठी आपला मोदक कमी झालेला ज्याने पाहिला आहे, त्याला ती चूक समजावून देणे सोपे जाते.

माणसे आठ असली तर मौज वाढते. दोन फेऱ्यांनंतर चार मोदक उरतात आणि खाणारे असतात आठ. येथे आईने लगेच सुरी हाती घेऊ नये, क्षणभर थांबावे. 'आता काय करावे?' या प्रश्नाचे उत्तर मुलाच्याच तोंडून यावे. 'अर्धा अर्धा करू' हे शब्द त्याने उच्चारले की अपूर्णांकाचा श्रीगणेशा झाला असे समजावे.

'मोठा अर्धा' आणि 'छोटा अर्धा'

मात्र 'मला मोठा अर्धा हवा' असेही मुले म्हणतात. त्यांच्या लेखी अर्धा म्हणजे दोहोंपैकी एक तुकडा. दोन तुकडे झाले म्हणून ते अर्धे होत नाहीत, दोन्ही सारखे असतील तरच ते अर्धे, हे त्यांना कळावयाचे असते. देवापुढे फोडलेला नारळ याचे उत्तम उदाहरण होय. त्याची दोन शकले होतात, पण ती क्वचितच सारखी असतात. 'हे अर्धे आहेत का?' असे विचारून ती मुलाच्या हाती द्यावीत.

याउलट पोळीची घडी घालून पाहावी. कडेला कड बरोबर मिळाली की दोन अर्धे झाले. पुन्हा घडी घातली की चार चतकोर. तीन भाग मात्र अशा दुहेरी घड्यांनी साधत नाहीत. म्हणून अर्धा आणि पाव पक्के झाल्यावरच तिसऱ्या हिश्श्याकडे वळावे. नंतर नारळाच्या दोन सारख्या चौकोनी वड्या घ्याव्यात. एक मधोमध कापावी, दुसरी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. तुकड्यांचे आकार निराळे दिसतात, पण प्रत्येक तुकडा अर्ध्या वडीचाच असतो.

पातळ पदार्थांत डोळे अधिक फसतात. सारखेच पंचामृत उंच पेल्यात आणि पसरट वाटीत ओतले, तर लहान मूल उंच पेल्यात अधिक आहे असे सांगते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी बालकांच्या याच समजुतीचा बारकाईने अभ्यास केला. अशा वेळी रागावून उपयोग नाही. पळीने मोजून दोन्हीकडे पाच-पाच पळ्या घालण्यास सांगावे. मोजणारा हातच हळूहळू डोळ्यांना शिकवितो.

एक नियम मात्र घरात कायमचा असावा : जो वाटील, त्याने आपला वाटा शेवटी उचलावा. मग सुरी आपोआप मध्यावर येते!

भाषेची शिदोरी

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मराठीची केवढी संपत्ती! जुन्या शाळांतून मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत म्हणत. हिशेबाच्या वह्यांत एका उभ्या रेघेने पाव आणि दोन रेघांनी अर्धा दाखवीत. दीड लिहावयाचा तर १॥ असे लिहीत. सोळा आण्यांच्या रुपयात पावली आणि अधेली मुलांच्या हाती खेळत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि २०११ साली पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. नाणी गेली तरी शब्द घरात जिवंत ठेवता येतील. सत्यनारायणाचा प्रसाद सव्वा मापाने होतो. रवा मोजताना एक पूर्ण वाटी आणि वर पाव वाटी मुलालाच घालू द्यावी. साडेतीन मुहूर्तांतील अर्धा कोणता, हेही दिवाळीच्या पाडव्याला त्यास विचारावे.

लीलावतीतील कमळे

पूजा आणि अपूर्णांक यांची सांगड आपल्याकडे जुनीच आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या 'लीलावती'त एक सुंदर उदाहरण आहे. कमळांच्या राशीतील तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला. उरलेली सहा कमळे गुरुचरणी अर्पिली. तर एकूण कमळे किती? उत्तर आहे १२० : चाळीस, चोवीस, वीस, तीस आणि सहा. मोठ्या मुलांनी ते जरूर सोडवावे. लहानग्यास बारा जास्वंदी पुरेत : निम्मी गणपतीला, पाव देवीला, उरलेली तुळशीला. प्रत्येकाला किती, ते त्याने परडीतून मोजून काढावे.

वाटणाऱ्याचा हात

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. मुलगा म्हणून त्याच्या ताटात तुपाची धार अधिक आणि मुलगी म्हणून तिच्या ताटात हात आखडता, असे आजही काही घरांतून घडते. घरकामास येणाऱ्या बाईंच्या लेकराच्या हातावर मोडका मोदक ठेवला जातो. मुले हे सारे पाहतात. पोळीची घडी घालून शिकविलेला 'समान' हा शब्द मग त्यांच्या दृष्टीने पोकळ ठरतो. गणित वहीत राहते आणि घरातली रीत निराळी असते, एवढेच ती शिकतात. आजोबांना पथ्यासाठी कमी गूळ, आजारी भावंडाला मऊ घास, हे भेद मुलाला कारण सांगून पटविता येतात. ज्या भेदाचे कारण मुलाच्या डोळ्याला डोळा देऊन सांगता येत नाही, तो भेद प्रसादाच्या तबकाजवळ येऊ देऊ नये.

देवापुढचा प्रसाद सर्वांचा, ही आपली श्रद्धा. यंदा आरतीनंतर ते तबक घरातील सर्वांत लहान हातांत द्यावे आणि त्या हातांनी केलेले भाग मोठ्यांनी आनंदाने स्वीकारावेत. विद्याधिपती गणराय त्या बालकास समान भागांचे गणित आणि आपणां सर्वांस समभावाची बुद्धी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.