माठ मुंबईत का हरतो?

मे महिन्यात मुंबईहून चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला आलेला पाहुणा ओसरीतल्या माठाचं पाणी प्यायला की हमखास म्हणतो, ‘आमच्याकडे असं गार होत नाही.’ यजमानांची कळी खुलते. ‘आमच्या मातीचा गुण!’ माती चांगलीच आहे. पण तोच माठ पाहुण्यानं दादरला नेला तर त्याचा हिरमोड ठरलेला.

जरा हिशेब करू. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना दर ग्रॅममागे सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातून पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर पाणी उडालं तर 1,16,000 कॅलरी गेल्या. बाहेरून काहीच उष्णता आत आली नाही असं धरलं, तर उरलेलं पाणी जवळजवळ 12 अंशांनी उतरेल. पण तापलेली हवा गप्प बसत नाही, तीही माठाला उष्णता देत राहते. ही ओढाताण कुठे थांबणार, ते हवेतल्या दमटपणावर ठरतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घाला. पारा जिथे टेकेल ती माठाची लक्ष्मणरेषा. भद्रावतीसारखी हवा 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ती 24 अंशांच्या आसपास येते. मुंबईसारखी हवा 34 अंश आणि आर्द्रता 65 टक्के असेल तर 28 च्या वर. म्हणजे जिथे ऊन 11 अंशांनी जास्त, तिथलं पाणी 4 अंशांनी गार! हा उलटा न्याय मी किती वेळा मांडला असेल, तरी दरवेळी पुन्हा आकडे तपासतो.

म्हणूनच ‘वीज न लागणारा फ्रिज’ अशी बातमी आली की मी आधी गावाचं हवामान बघतो. नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बा यांनी एका मडक्यात दुसरं मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली आणि 2000 साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. कोरड्या मुलखातल्या भाजीवाल्यांसाठी ती फार कामाची वस्तू आहे. पण लक्ष्मणरेषा तिलाही ओलांडता येत नाही. विकणाऱ्यांनी तो आकडा वेष्टनावर छापावा, एवढंच माझं म्हणणं.

खरी कारागिरी भोकांची आहे. कुंभार मातीत लीद किंवा भुसा कालवतो. भट्टीत ते जळून जातं आणि भिंतीत सूक्ष्म वाटा राहतात. वाटा कमी झाल्या तर माठ गार करत नाही, जास्त झाल्या तर घडवंचीखाली तळं साचतं. लोणच्याच्या बरणीचं नेमकं उलट: तिथे एक थेंबही झिरपता कामा नये, म्हणून भट्टी जास्त तापवायची आणि वर काचेसारखा लेप चढवायचा.

मातीच्या या कामाला प्रयोगशाळेचा मान देणारं एक नाव भद्रावतीत घ्यायलाच हवं, ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांचं. गांधी-कुमारप्पांच्या ग्रामोद्योग विचारातून आलेल्या या माणसानं 1955 मध्ये इथे ग्रामोदय संघ उभा केला. आपल्याकडे संशोधक म्हटलं की पांढरा कोट आठवतो, चिखलानं भरलेले हात नाही.

कुंभाराचं चाकच घ्या. जड चाक एका खुंटीवर तोललेलं. काठीनं गरगरा फिरवायचं आणि ते मंदावण्याआधी उकिडवं बसून मडकं ओढायचं. खुंटीवरचं घर्षण वेग खातं. 1869 मध्ये पॅरिस ते रुआं ही सायकल शर्यत जेम्स मूर यांनी जिंकली, तेव्हा त्यांच्या सायकलीत घर्षण कमी करणारं, गोळ्यांचं बॉल-बेअरिंग होतं. पोलादाची तीच गोळी कुंभाराच्या चाकाखाली पोचायला कितीतरी दशकं गेली. पोचली तेव्हा काठी मारण्याचे कष्ट हलके झाले. शर्यत जिंकल्याची बातमी मात्र कुठे छापून आली नाही.

यजमानांना एक सांगायचं राहिलं. माठ दरवर्षी नवा घेतात त्याला कारण आहे. पाणी उडतं, त्यातले क्षार मागे राहतात आणि त्या सूक्ष्म वाटा बुजवतात. बाहेरून धरलेला पांढरट थर त्याचीच खूण. हल्ली बाजारात ऑइलपेंटनं वेलबुट्टी काढलेले माठ दिसतात, तो रंगही त्याच वाटा बुजवतो. आमच्या घरी तसा एक आला होता. मोर इतका सुरेख की कुणी हात लावू देईना, आणि पाणी नळाला येतं तसंच.