सह्याद्रीतले ट्रॅक आणि हातातला जीपीएस

मोबाइल आले तरी हातात मावणारं जीपीएस यंत्र ट्रेकर मंडळींनी सोडलेलं नाही. ते पावसात भिजलं तरी चालतं, ओल्या बोटांनीही त्याची बटणं दाबता येतात, आणि पुष्कळ यंत्रं पेन्सिल सेलवर चालतात, जे पायथ्याच्या गावातल्या दुकानातही मिळतात. मात्र त्याच्याबद्दल ज्या समजुती एकाकडून दुसऱ्याकडे जातात त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत, आणि घाटवाटेवर चुकीची समजूत महागात पडते.

‘रेंज नाही, म्हणजे जीपीएस नाही’

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात आणि यंत्र ते फक्त ऐकतं. चार उपग्रह नीट ऐकू आले की त्याला आपली जागा आणि उंची कळते. मोबाइलच्या टॉवरची गरज पडत नाही. टॉवर असेल तर फोनला पहिल्यांदा जागा लवकर सापडते, एवढंच. बरेच महिने कपाटात पडून असलेलं यंत्र मात्र निघण्याआधी मोकळ्या अंगणात थोडा वेळ चालू ठेवावं. गाडीतून उतरल्या उतरल्या चालायला लागलं की ट्रॅकचा पहिला तुकडा हमखास वेडावाकडा येतो.

यंत्र फक्त ऐकतं, म्हणजे आपण कुठे आहोत हे ते कोणालाही कळवत नाही. ‘जीपीएस आहे, शोधून काढतील’ या भरवशावर कोणी राहू नये. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी वेगळी यंत्रं असतात, पण ती परवानगीशिवाय बाळगणं भारतात बेकायदा आहे. अमेरिकेतल्या भाच्याला ‘येताना एक घेऊन ये’ म्हणण्याआधी हे लक्षात असू द्यावं. विमानतळावर परदेशी प्रवाशांना याच कारणावरून अडवलेलं आहे.

‘पडद्यावर ३ मीटर दिसतं, म्हणजे चूक ३ मीटरचीच’

तो यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. मोकळ्या पठारावर तो बऱ्यापैकी खरा ठरतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत तसं होत नाही. बेलपाड्याहून वर चढताना दोन्ही अंगांना उभे कातळ येतात आणि डोक्यावर आभाळाची पट्टी उरते. उपग्रहाचा संदेश कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्र गणितात चुकतं. घरी नकाशावर पाहिलं तर ट्रॅक खडकाच्या पोटात शिरून बाहेर आलेला दिसतो. ग्लोनास, गॅलिलिओ या जीपीएससारख्याच इतर प्रणालींचेही उपग्रह पकडणाऱ्या यंत्राला त्या पट्टीत जास्त उपग्रह सापडतात, पण कातळाचा अडथळा त्याने संपत नाही. कुठल्या नळीत शिरायचं हे ट्रॅक सांगेल. आत कुठल्या धोंड्याला कुठून वळसा घालायचा, हे डोळ्यांनीच ठरवायचं.

‘बाण दाखवेल तिकडे चालायचं’

धुक्यात सगळ्यात जास्त घोटाळा या समजुतीने होतो. साध्या यंत्रांत चुंबकीय होकायंत्र नसतं. चालणाऱ्याची जागा कशी सरकते आहे यावरून ती दिशा काढतात. पठारावर दाट धुकं, समोर वाटेला दोन फाटे, आणि अशा वेळी माणूस साहजिकच थांबतो, यंत्र हातात धरून स्वतःभोवती फिरतो. बाण तसाच राहतो किंवा कुठेही भरकटतो, कारण जागा सरकतच नाही. अशा वेळी एका फाट्यावर पंधरा-वीस पावलं सरळ चालून पाहावं. तेवढ्यात बाण जागेवर येतो आणि आपण ट्रॅकपासून लांब चाललोय की जवळ, तेही दिसतं. होकायंत्र असलेल्या यंत्रातही सेल बदलल्यावर ते नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

शिवाय एखाद्या ठिकाणाचं नाव निवडून ‘तिकडे ने’ म्हटलं, तर बाण हवाई रेषेत दाखवतो. सह्याद्रीत हवाई रेषा म्हणजे बहुतेक वेळा कडा. पाण्याचं टाकं ४०० मीटरवर आहे असं दिसतं आणि प्रत्यक्षात ते खालच्या टप्प्यावर असतं. परतायचं असेल तर आलेल्या ट्रॅकवरून मागे नेणारी सोयच वापरावी.

‘जितके बिंदू जास्त, तितका ट्रॅक चांगला’

अनेक यंत्रांत चालू ट्रॅकला १०,००० बिंदूंची मर्यादा असते. दर सेकंदाला एक बिंदू घेतला तर पावणेतीन तासांत जागा भरते. पुढे काय होणार हे सेटिंगवर अवलंबून असतं. काही यंत्रं जुना भाग आपणहून वेगळा साठवतात, तर काही सुरुवातीचेच बिंदू पुसत जातात, म्हणजे परतीच्या वेळी नेमका गावाजवळचा तुकडा गायब. ‘ऑटो’वर ठेवलं की यंत्र वळणांवर दाट आणि सरळ वाटेवर विरळ बिंदू घेतं. दिवसभराच्या चालीला ते पुरतं.

अंतराचं आणि चढाईचं तसंच. आपण कोकणकड्यावर बसलेलो असताना बिंदू इकडेतिकडे सरकत राहतात आणि त्याचंही अंतर मोजलं जातं. वायुदाबावर चालणारा उंचीमापक हवामान बदललं की एका जागी असूनही उंची बदलतो. कळसूबाईच्या माथ्यावर १,६४६ मीटर हा आकडा भरून तो जुळवून घ्यावा. एकाच ट्रेकचे दोघांचे आकडे जुळले नाहीत तर वाद घालण्यात अर्थ नाही.

‘ट्रॅक मिळाला, आता वाट सापडलीच’

माझं खरं म्हणणं इथे आहे. ट्रॅक म्हणजे एक माणूस एका दिवशी कुठून गेला याची नोंद. तो वाट चुकून ढोरवाटेने अर्धा तास भलतीकडे गेला असेल, तर तेही त्याच ठसठशीत रेषेत उमटतं. त्याच्याकडे दोर होता का, मार्च होता की गवत छातीपर्यंत वाढलेला ऑक्टोबर, हे ती रेषा सांगत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि माणसं गेली. इर्शाळगडाचे त्याआधीचे ट्रॅक त्याच वाडीतून वर जातात. फाइल उघडणाऱ्याला यातलं काही कळायचा मार्ग नाही. पावसाळा संपला की प्रत्येक जुना ट्रॅक गावातल्या कोणालातरी दाखवून ‘दादा, ही वाट अजून आहे का?’ असं विचारायलाच हवं.

म्हणूनच ट्रॅक दुसऱ्याला देण्याआधी त्यावर हात फिरवणं ही देणाऱ्याची जबाबदारी आहे. निघताना मागचा ट्रॅक साठवून पाटी कोरी करावी, नाहीतर मागचा रायगड आणि आजचा रतनगड एकाच सरळ रेषेने जोडले जातात. घरी आल्यावर गाडीच्या प्रवासाचा तुकडा आणि चुकलेली वाट कापावी, चढण आणि उतरण वेगळी करावी, फाइलच्या नावात गड, वाट, महिना आणि वर्ष घालावं. मूळ फाइल न छेडता कॉम्प्युटरवर ठेवावी. जीपीएक्स हा खुला प्रकार असल्याने ती बहुतेक प्रोग्रॅममध्ये उघडते. खुणेच्या जागांना यंत्र ०२३, ०२४ असे नुसते आकडे देतं. ते तसेच ठेवले तर महिन्याभराने आपल्यालाही काही आठवत नाही. ‘टाकं, मार्चअखेर पिण्याजोगं पाणी’, ‘डावा फाटा घ्यायचा, उजवा कड्यावर संपतो’ असं तिथल्या तिथे लिहावं. बटणांनी एकेक अक्षर टिपायचा कंटाळा आला, तर आकडा वहीत उतरवून त्यापुढे लिहावं आणि घरी फाइलमध्ये भरावं.