गेरूची साक्ष

लोधीपुऱ्यातील आपल्या घरी तुळशीवृंदावनास गेरूचा हात देताना, हाच रंग भीमबेटकाच्या शैलचित्रांतही आहे, हे क्वचितच मनात येते. १९५७ साली उज्जैनच्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी ती चित्रे अभ्यासकांच्या नजरेस आणली. त्यांतील तांबडा रंग म्हणजे लोहाचे ऑक्साइड, अर्थात हेमॅटाइट. लेझरचा किरण टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून असे खनिज ओळखता येते. चित्र खरवडावे लागत नाही. वयाचा प्रश्न मात्र अवघड. शुद्ध गेरूत सेंद्रिय कार्बन नसतो. म्हणून चित्रावर साचलेल्या क्षारांच्या पापुद्र्यातून काळाचा माग काढावा लागतो. चित्र उजळावे म्हणून पाणी शिंपडणारा प्रवासी नेमका तोच पुरावा बिघडवतो. तेव्हा वाचकहो, दुरूनच पाहावे!